एफएसजीएससाठी स्टिरॉइड सुरू होतंय? आधी काय विचारायचं, मग काय सांभाळायचं

किडनीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस (म्हणजेच एफएसजीएस) असं लांबलचक नाव आलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते स्टिरॉइड नको, हाडं खलास होतात. दुसरी म्हणते डॉक्टर सांगतील ते गपगुमान घ्यायचं. मी डॉक्टर नाही, पण भावाच्या आजारपणात नेफ्रोच्या, म्हणजे किडनीच्या, ओपीडीत बराच बसलोय आणि तिथल्या बाकड्यावर तेच तेच प्रश्न ऐकलेत, म्हणून एकदाचं नीट लिहून काढतोय. हे मोठ्या माणसांसाठी आहे हां, लहान मुलांच्या नेफ्रोटिकचं (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन सूज येते ते) गणित वेगळं असतं. आणि डोस ठरवणं, बदलणं हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचंच काम, हे वाचून गोळी कमीजास्त करू नका.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा, माझं एफएसजीएस प्रायमरी आहे (दुसरं काही कारण न सापडणारं) की सेकंडरी (दुसऱ्या कशामुळे तरी झालेलं)? बायोप्सीत दिसतं ते फक्त एवढंच की किडनीतल्या काही गाळण्यांच्या काही भागात व्रण पडलेत. व्रण का पडले ते त्यातून दर वेळी कळत नाही. खूप वजन, जन्मतः एकच किडनी, लहानपणी लघवी उलटी चढायचा त्रास, एचआयव्ही, काही औषधं, घराण्यातला जनुकीय दोष, या सगळ्यांतून असेच व्रण येतात आणि तिथे स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, साइड इफेक्ट मात्र सगळे पदरात पडतात. (जिममध्ये बॉडीसाठी जी इंजेक्शनं मारतात ती अॅनाबॉलिक स्टिरॉइडं वेगळी, वर्षानुवर्षं ती घेणाऱ्यांना एफएसजीएस झाल्याच्या केसेस आहेत. आपली गोळी ती नव्हे, त्यामुळे ही घेतली की दंड फुगणार नाहीत, उलट बारीक होतील.)

प्रायमरीत चित्र साधारण असं असतं: अंगावर एकदम सूज, २४ तासांच्या लघवीत साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि रक्तातलं अल्ब्युमिन (हेही एक प्रोटीनच) ३ ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली. प्रोटीन भरपूर जातंय पण अल्ब्युमिन चांगलं आहे, सूजही नाही, तर सेकंडरीची शंका घ्यायला जागा आहे. बायोप्सीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा भाग केला होता का तेही विचारा, त्याने बराच उलगडा होतो. घरात अजून कोणाला किडनीचा त्रास असेल तर जेनेटिक टेस्टबद्दल बोला. सेकंडरी निघालं तर बीपीच्या त्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्या, मीठ कमी, वजन कमी आणि मूळ कारणावर उपचार, हाच रस्ता.

प्रायमरी ठरलं की मग डोस. २०२१ च्या केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे प्रेडनिसोलोन (हीच आपली स्टिरॉइडची गोळी) रोज वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, पण ८० च्या वर नाही. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०, आणि ९५ किलोवाल्यालाही ८०च. काही जणांना एक दिवसाआड देतात, तेव्हा किलोमागे २, जास्तीत जास्त १२०. हा फुल डोस कमीत कमी ४ आठवडे, फरक पडत नसेल तर सोसेल तसा १६ आठवड्यांपर्यंत. इथेच लोकांचा धीर सुटतो, कारण शेजारच्या पोराला महिन्याभरात आराम पडलेला असतो आणि आपलं प्रोटीन दोन महिने झाले तरी हलत नाही. मोठ्यांमध्ये एफएसजीएस सावकाशच उतरतं, आठव्या-बाराव्या आठवड्यात आकडा खाली यायला लागला तरी ते चांगलंच समजायचं. पण याचा अर्थ काहीही झालं तरी १६ आठवडे रेटायचं असा नाही. आकडा जागचा हलत नाहीये आणि शुगर, मूड, इन्फेक्शन यांनी माणूस जेरीस आलाय, तर डॉक्टर आधीच दुसऱ्या औषधावर नेऊ शकतात, तशी वेळ आली की स्वतःहून विषय काढा. ज्यांना आधीच कंट्रोलमध्ये नसलेली डायबेटिस आहे, हाडं ठिसूळ आहेत, वजन खूप आहे किंवा मानसिक आजार आहे त्यांना कधीकधी पहिल्यापासूनच टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं देतात.

पहिली गोळी पोटात जायच्या आधी काही गोष्टी झाल्या पाहिजेत आणि आपल्याकडे त्यातली पहिली म्हणजे टीबी. जुना, झोपलेला टीबी स्टिरॉइडने जागा होतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि डॉक्टर सांगतील ती टेस्ट. घरात कोणाला कधी टीबी झाला असेल तर लाजून लपवू नका. मग हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, शुगर, डोळ्यांची तपासणी, आणि न्यूमोनियाची व फ्लूची लस. लाइव्ह लसी (जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंच्या) या काळात चालत नाहीत. पोटाची गोळी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि एक विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठी सल्फाची गोळी लागेल का ते विचारून घ्या, ती प्रत्येकाला लागतेच असं नाही.

गोळी सकाळीच, नाश्त्यानंतर, सगळा डोस एकदम (वेगळं सांगितलं नसेल तर). रात्री घेतली की झोप उडते आणि माणूस दोन वाजता कपाट आवरत बसतो. संकष्टी असो की श्रावणी सोमवार, गोळी चुकवायची नाही. उपासाला काहीतरी खाऊन घ्या, फक्त साबुदाणा खिचडीने शुगर चढते तेही ध्यानात असू द्या. आणि शुगरची खरी गंमत इथेच आहे. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने शुगर दुपारनंतर वाढते, उपाशीपोटीची बऱ्याचदा नॉर्मल येते. म्हणून फक्त फास्टिंग करून खूश होऊ नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटर लावा.

एक वही करा, आमच्याकडे शाळेची दोनशे पानी होती. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन, मग बीपी, पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का, आणि लघवीत बुडवायच्या स्ट्रिपवर प्रोटीन किती प्लस. वजन दोन दिवसांत दोन किलो चढलं तर ते पाणी आहे, फोन करायचा. लघवीच्या नुसत्या फेसावर भरवसा ठेवू नका, फेस कमोड आणि धार बघूनही कमीजास्त होतो.

२४ तासांची लघवी निम्म्या लोकांची चुकते असं मला वाटतं, म्हणून नीट सांगतो. सकाळची पहिली लघवी कॅनमध्ये नाही, संडासात टाकायची आणि घड्याळ बघून वेळ लिहायची, समजा सात. मग दिवसभर-रात्रभर प्रत्येक वेळची कॅनमध्ये, शौचाला जाताना होते तीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी सातची शेवटची धरून बंद. मध्ये एक जरी सुटली तरी सरळ दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा, अर्धवट सँपल देऊन प्रोटीन कमी आलं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. पाळी चालू असताना शक्यतो नको. अगदीच जमत नसेल तर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो चालतो, एका वेळच्या लघवीत होतो.

खाण्यात मीठ हा खरा शत्रू. पापड, लोणचं, खारवलेली मिरची, फरसाण, बेकरीची खारी, सुका बोंबील हे बंदच. सैंधव चालतं असं सगळे सांगतात, नाही चालत, तेही मीठच. आणि दुकानात लो-सोडियम म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, बीपीच्या त्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं. प्रोटीन जातंय म्हणून दिवसाला सहा अंडी आणि पावडरचे डबे चालू करू नका, त्याने किडनीवरचा ताणच वाढतो. पाठदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाही, आणि कोणाचे तरी भस्म-काढेही नाहीत.

तोंड गोल होणार, भूक राक्षसासारखी लागणार, पिंपल्स येणार, हे डोस उतरला की बरंचसं ओसरतं. चिडचिड मात्र घरच्यांनी मनावर घ्यायची नाही, ती गोळीची असते. पण झोप अजिबात नाही, भलतंच बोलणं, जीव द्यायचे विचार, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप, काळी शी, जांघेत चालताना दुखणं, एकाच पायाला सूज, दम लागणं यांतलं काहीही असलं तरी वाट बघायची नाही. शेवटची दोन रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात, नेफ्रोटिकमध्ये तो धोका असतोच. नागीण उठली तर आधी दवाखाना, मंत्रबिंत्र नंतर, औषध लवकर सुरू झालं तरच नीट लागू पडतं.

प्रोटीन लवकर आटोक्यात आलं तरी गोळी लगेच उतरवत नाहीत. फुल डोस एकूण निदान ४ आठवडे होईपर्यंत किंवा प्रोटीन गेल्यावर पुढे २ आठवडे, यात जे जास्त असेल तितका चालतो. मग दर एक-दोन आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम कमी, असा सगळा कोर्स साधारण ६ महिन्यांचा. उतरवायचा तक्ता डॉक्टरांकडून तारखांसकट लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, कारण ४० ची, २० ची, १० ची, ५ ची अशी पाकिटं एका डब्यात आली की हमखास घोळ होतो. मधेच अचानक बंद करायची नाही म्हणजे नाही, शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, एकदम तोडलं की बीपी पडून माणूस कोसळू शकतो. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, घरी बसून राहू नका.

१६ आठवड्यांनंतरही काहीच फरक नाही, किंवा डोस उतरवताना प्रोटीन परत आलं, तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनकडे वळतात, निदान ६ महिने, लागू पडलं तर पुढे वर्षभर किंवा जास्त. त्याची रक्तातली लेव्हल बघावी लागते आणि टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची असते, हे लॅबवाले सांगत नाहीत. अशा वेळी जेनेटिक टेस्टचा विषयही परत काढावा.

कोर्स संपला तरी पुढचे काही महिने दाताचं काम, ऑपरेशन किंवा मोठा ताप असेल तर ‘मी इतके महिने स्टिरॉइडवर होतो’ हे सांगायचं, त्याची एक चिठ्ठी पाकिटात ठेवा. स्ट्रिपची डबीही फेकू नका, आठवड्यातून एकदा बघत राहा, आणि लागोपाठ तीन दिवस तीन प्लस आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता जाऊन या.