कोर्टाआधी समेटाला बसताय? मग या चुका टाळा

आपल्याकडं भांडण पेटलं की पहिला डायलॉग ठरलेला, "तुला कोर्टात खेचतो बघ." आणि मग खरंच खेचतात, आणि हातभर बोळासाठी वर्षानुवर्षं तारखा करत बसतात. मी सोलापुरात पूर्व भागात राहतो, शेजारीपाजारी, भाऊभाऊ, घरमालक-भाडेकरू यांची भांडणं मिटवायला काही वर्षं बसतोय, एक रुपया घेत नाही. समोरचा माणूस वाईट आहे म्हणून बैठक फसली असं फार कमी वेळा बघितलं. आपण कोर्ट डोक्यात घेऊनच तिथं येतो, म्हणून फसते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मध्यस्थाला जज समजणं. लोक आले की माझ्याकडं तोंड करून बोलतात, "तुम्हीच सांगा साहेब, चूक कुणाची?" अहो, मी निकाल द्यायला बसलेलोच नाही, निकाल देतो तो पंच. मध्यस्थानं फक्त दोघांना एकमेकांचं नीट ऐकायला लावायचं, तोडगा तुम्हीच काढायचा. त्यामुळं समोरच्याकडं बघून बोला. आणि सोबत दहा माणसं, नगरसेवकाचा माणूस, मेव्हणा असली फौज आणू नका, फौज बघितली की समोरचाही फौज बोलावतो. मोबाईलवर चोरून रेकॉर्डिंग तर अजिबात नको, इथं बोललेलं इथंच राहणार हा भरवसा तुटला की माणूस तोंडच उघडत नाही.

दुसरी चूक आपल्या गावात जरा जास्तच होते, ती भाषेची. एका घरात मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडं कन्नड, समोर उर्दू, आणि बैठक मात्र मराठीत. मागं एक केस आली होती, भिंतीला भिंत लागून असलेल्या कारखान्यात रात्रभर कापडाचे माग चालायचे आणि शेजारच्या आजींना झोप नाही. आजी तेलुगूत बोलायच्या, मुलगा आम्हाला मराठीत सांगायचा. आजी पाच मिनिटं बोलल्या की हा दोन वाक्यांत उरकायचा, "आवाजाचा त्रास होतो, माग बंद करा." दोन बैठका अशाच वाया गेल्या. तिसऱ्या वेळी गल्लीतल्याच एका तेलुगू येणाऱ्या ताईंना बसवलं, जिचा दोन्ही घरांशी संबंध नाही, तेव्हा कळलं की आजींचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांचे यजमान वारले, तिरडी दारातून निघाली तेव्हाही शेजारचा खडखडाट चालूच होता, आणि तो कारखानदार लहानपणी ह्याच आजींच्या हातचं जेवलेला. मुलाला ते सांगायची लाज वाटत होती. कारखानदार सुतासाठी बाहेरगावी होता त्या दिवशी, त्याला हे माहीतच नव्हतं. बराच वेळ खाली बघून बसला, मग उठून आजींच्या पाया पडला. पुढचं अर्ध्या तासात मिटलं: रात्री 10 ते सकाळी 6 माग बंद, आणि भिंतीकडच्या दोन मागांच्या पायाखाली रबर. म्हणून सांगतो, घरातल्या माणसाला दुभाषा करू नका, तो मुद्दाम नाही करत, पण गाळतो.

आता कागदाचं, इथं लोक जाम फसतात. तोंडी मिटलं, चहा झाला, घरी गेले, आणि महिन्याभरात "मी असं म्हटलंच नव्हतं". लिहून घ्या, आणि लिहिताना "दोघांनी गुण्यागोविंदानं राहावं" असलं काही लिहू नका, कोण, काय, कधीपर्यंत, किती रुपये, नाही केलं तर पुढं काय, हे लिहा. स्टॅम्पपेपर आणि नोटरी केली म्हणजे कोर्टाचा हुकूम झाला, हा पण गैरसमज. पक्कं करायचं असेल तर प्रकरण लोकअदालतीत न्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच धरला जातो, त्यावर अपील नाही. केस अजून दाखल नसली तरी तिथं जाता येतं, फी लागत नाही, आणि चालू दावा तिथं मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. घर-जमिनीचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडं जात असेल तर मात्र वकिलाला विचारा, असा कागद बहुतेक वेळा रजिस्टर करावाच लागतो.

उसन्या पैशाचं प्रकरण असेल तर तारीख बघा. दावा लावायला साधारण 3 वर्षांची मुदत असते आणि "बोलणी चालू आहेत" म्हणून ती थांबत नाही. समोरचा गोड बोलून दिवस काढत असेल तर मुदत संपायच्या आत त्याच्या सहीनं "इतके देणं आहे" असं लिहून घ्या, तिथून मुदत नव्यानं मोजतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल तर समेटाला बसू नका, आणि नातेवाईकांनी "घरातलं घरात मिटवू" म्हटलं तरी ऐकू नका. 112 ला फोन करा, बाईमाणूस असेल तर 181. गंभीर गुन्हे असे आपसात मिटत पण नाहीत, लोकअदालतीला सुद्धा तो अधिकार नाही.

समोरचा येतच नाही? स्वतः चार वेळा बोलवायला जाऊ नका, त्यात अजून वाजतं. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर अर्ज द्या, मोहोळ, बार्शी, सांगोला अशा तालुक्यात असाल तर तिथल्या तालुका विधी सेवा समितीत, मग बोलावणं त्यांच्याकडून जातं आणि माणूस बहुधा येतो. माहिती 15100 वर फोन करून पण मिळते. खेड्यात 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती अजून बसत असेल तर तिलाही विचारा, फक्त अध्यक्ष दोघांपैकी कुणाचा भावकीतला नाही ना ते आधी बघा. आणि ठरलेलं मोडलं तर लगेच पोलीस स्टेशन गाठू नका, कागद घेऊन परत एकदा बसा. त्या मागाच्या कागदात आजींनी स्वतः एक ओळ घालायला लावली होती, रात्री आवाज आला तर आधी दार वाजवायचं, तक्रार नंतर. एकदा वाजवलं पण त्यांनी, नवा कामगार होता, त्याला वेळ माहीत नव्हती.