जोडीदारासोबत पहिली सायकल रेस: वारा वाटून घ्या

दिवाळीनंतरच्या पहिल्या रेसला पाय अजून तयार नसतात, त्यामुळे दोघांनीही जिंकायला जाऊ नका. दोघांपैकी कोणाला जिंकवायचं, हे आदल्या रात्रीच ठरवा. स्टार्ट लाइनवर ते ठरत नाही, तिथे दोघांनाही आपणच फॉर्मात आहोत असं वाटतं.

सोलापुरात सरावाला तुळजापूर रोड उत्तम. हिवाळ्यात वारा बहुतेकदा पूर्वेकडून, म्हणजे जाताना उजव्या अंगाने येतो. अशा वेळी जोडीदाराच्या नेमकं मागे नाही, तर जरा डावीकडे राहा. आडोसा तिथे असतो. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं आणि तो अचानक सरकला, तर पडणार तुम्हीच. वीतभर अंतर तरी ठेवाच. मागे नीट बसलात तर सपाटीवर साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. पुढे अर्धा-एक मिनिटच राहा, मग कोपर हलवून खूण करा आणि वाऱ्याच्या बाजूला सरका. पुढे येणाऱ्याने वेग तोच ठेवायचा. जोर दाखवायची खुमखुमी इथेच नडते, मागचा सुटतो. मी हे दोनदा केलंय, नंतर घाटात एकटाच धापा टाकत होतो.

जोडीदार पुढे निसटला, तर पाठलाग करणाऱ्यांना मदत करू नका. त्यांच्या मागे गुपचूप बसा. शिव्या पडतील, पडू द्या.

आणि एक पंक्चर किट दोघांत नको, प्रत्येकाकडे वेगळं.