गॅरेज अरुंद असेल तर नवी छोटी गाडी कशी निवडावी

गाडी छोटी आहे म्हणजे ती अरुंद गॅरेजात सुखाने मावेल, असं गृहीत धरू नका. गाडीला छोटी म्हणतात ते बहुधा तिच्या लांबीवरून, आणि गॅरेजात अडतं ते रुंदीला. शिवाय गाडी आत गेली की काम झालं असंही नसतं. चालवणाऱ्याला दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे. तेही रोज, हातात पिशव्या असताना, कंबर धरलेली असताना. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की आधी माणूस उतरायची जागा ठरवा, मग उरलेल्या जागेत कोणती गाडी बसते ते बघा.

जुन्या गॅरेजांची अडचण त्या बांधणाऱ्यांच्या चुकीमुळे झालेली नाही. गाड्याच रुंद होत गेल्या. १९५९ सालची मूळ मिनी १.४१ मीटर रुंद होती. आजची त्याच नावाची हॅचबॅक १.७ मीटरच्या पुढे गेली आहे. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ १.६१ मीटर होती, आठव्या पिढीची गोल्फ जवळजवळ १.७९ मीटर आहे. बाजूने धडक बसली तर आतली माणसं वाचावीत म्हणून दारं जाड झाली, टायर रुंद झाले. हे चांगलंच झालं, पण भिंती होत्या तिथेच राहिल्या.

आधी गॅरेज मोजा

शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी हे काम उरका. गाडी आवडून बसली की माणूस मोजमापातही तिची बाजू घ्यायला लागतो.

सगळी मापं सेंटीमीटरमध्येच घ्या. गवंडी फुटात बोलतो, कंपनी मिलिमीटरमध्ये छापते, आणि या दोन्हींच्या मध्ये चार बोटं कुठेतरी हरवतात. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर, पण ते नकाशातलं माप झालं. गिलावा, फरशीची पट्टी, भिंतीवरून गेलेला पाइप वजा जाता हाती काय उरतं ते टेप लावल्याशिवाय कळत नाही.

आतली रुंदी निदान तीन ठिकाणी मोजा: तोंडाशी, मध्यावर आणि शेवटी. प्रत्येक ठिकाणी चाकाच्या उंचीला एकदा आणि आरशाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर, एकदा. भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. यातलं सर्वांत लहान माप तुमचं खरं माप.

मग दरवाजा. शटर असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधलं अंतर घ्या. झडपांचं दार असेल तर झडपा पूर्ण उघडून त्यांच्या आतल्या कडांमधलं. उंची मोजताना शटर गुंडाळल्यावर खाली लोंबणारा भागही धरा. बाहेर उतार असेल तर जास्त जपा: गाडी अर्धी आत असताना तिचा टपाकडचा भाग चौकटीच्या दिशेने उचललेला असतो, आणि सपाटीवर घेतलेलं उंचीचं माप तिथे फसवतं.

खांब किंवा भिंतीतून पुढे आलेला भाग असेल तर तो तोंडापासून किती आत आहे हेही लिहून ठेवा. खांब मागच्या चाकाशी आला तर त्याचा त्रास फारसा होत नाही. तोच पुढच्या दारासमोर आला तर सगळं गणित बिघडतं.

ब्रोशरमधल्या रुंदीवर विसंबू नका

ब्रोशरमधली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते. वाहनांच्या मापांच्या आयएसओ ६१२ या आंतरराष्ट्रीय मानकातही आरसे रुंदीत धरत नाहीत. आरसे उघडे असताना गाडी अंगापेक्षा साधारण २० ते २५ सेंटीमीटर रुंद भरते. ते मिटल्यावर काही गाड्यांत अंगाच्या आत जातात, काहींत तरीही थोडे बाहेर राहतात.

तेव्हा प्रत्येक गाडीचे तीन आकडे हवेत: अंगाची रुंदी, आरसे उघडून आणि आरसे मिटून. छापलेले मिळाले नाहीत तर शोरूममध्येच टेप लावा. संकोच करायचं कारण नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक सरळ काठी किंवा पुठ्ठा उभा धरून मधलं अंतर मोजलं की झालं. सोबत एक माणूस न्या.

आता बेरीज-वजाबाकी

बेताच्या बांध्याच्या माणसाला गाडी आणि भिंत यांच्यामध्ये ५५ ते ६० सेंटीमीटर मिळाले तर तो नीट उतरतो. ५० मध्ये अंग चोरावं लागतं. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी गाडी चालवत असेल किंवा गरोदर बाई असेल तर ६५ ते ७० धरा. दुसऱ्या बाजूला कुणी उतरणार नसेल तर तिथे १५ पुरतात, कारण बाकीच्यांना बाहेरच उतरवून मग गाडी आत घेता येते.

आतली रुंदी २५० असेल तर हिशोब सोपा वाटतो: २५० वजा ६० वजा १५, म्हणजे १७५ ची गाडी चालेल. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण दरवाजा आतल्या खोलीपेक्षा अरुंद असतो.

समजा दरवाजा २२२ आहे आणि मधोमध आहे, म्हणजे दोन्हीकडे १४ सेंटीमीटरची चौकट. गाडी या चौकटीतून सरळ आत जाते आणि गाडीच्या लांबीएवढ्याच जागेत ती बाजूला सरकू शकत नाही. आता १६८ रुंदीची गाडी घ्या, जिचे आरसे उघडे असताना प्रत्येक बाजूला ११ सेंटीमीटर बाहेर येतात. चालकाच्या विरुद्ध बाजूचा आरसा चौकटीपासून ८ सेंटीमीटर राखला तर अंग चौकटीपासून १९ वर राहिलं, त्यात चौकटीचे १४ मिळवा: ३३ सेंटीमीटर नको त्या बाजूला वाया गेले. चालकाच्या वाट्याला उरले ४९. तेच आरसे मिटून, फक्त २ सेंटीमीटर बाहेर ठेवून नेले, तर वाया जातात २४ आणि चालकाला मिळतात ५८. गाडी तीच, गॅरेज तेच, आणि केवळ आरसे मिटल्यामुळे नऊ सेंटीमीटरचा फरक! आता १७८ रुंदीची गाडी घेऊन पाहा. आरसे मिटूनही चालकाला ४८ च उरतात, कारण गाडीची वाढलेली सगळी रुंदी चालकाच्याच जागेतून जाते.

तुमचे आकडे घालून हा हिशोब कागदावर करा. जो आकडा निघेल ती तुमच्या गाडीची कमाल रुंदी. त्यापुढच्या गाड्या यादीतून सरळ काढून टाका, कितीही मनात भरल्या तरी.

गाडी नाक आत करून लावायची की रिव्हर्सने, हेही इथेच ठरवा. दिशा बदलली की चालकाचं दार दुसऱ्या भिंतीकडे जातं. एका भिंतीला खांब किंवा कपाट असेल तर नुसत्या दिशाबदलाने प्रश्न सुटू शकतो. रिव्हर्स घेताना वळणारी चाकं शेवटपर्यंत बाहेर राहतात, म्हणून अरुंद जागेत गाडी सरळ करणं सोपं जातं. मात्र डिकी भिंतीकडे जाते, आणि सामान बाहेरच काढून घ्यावं लागतं.

दारांकडे नीट बघा

दोन दारांची छोटी गाडी अरुंद गॅरेजला बरी, असा एक समज आहे. प्रत्यक्षात उलटं होतं. मागे जायला वाट हवी म्हणून तिची पुढची दारं लांब असतात, आणि लांब दार तेवढ्याच जागेत कमी कोनात उघडतं. एक मीटर लांबीच्या दाराला ६० सेंटीमीटर मोकळी जागा मिळाली तर ते सुमारे ३७ अंश उघडतं. सव्वा मीटरचं दार २९ अंशांवरच भिंतीला टेकतं. मागे स्वतंत्र दारं असलेली गाडी घ्या. मागे सरकती दारं असतील तर मुलांना गॅरेजातही बसवता येतं.

शोरूममध्ये दार हळूहळू उघडून बघा. ते पहिल्यांदा कुठे अडून स्थिर राहतं? हा पहिला टप्पा तुमच्या जागेच्या आत असेल तर दार हातात धरून ठेवावं लागत नाही. टप्पा जागेच्या पुढे असेल तर दार सैल राहतं आणि उतरताना भिंतीवर आपटतं. सीटची उंचीही तपासा. थोडी उंच सीट असली की माणूस पाय बाहेर टाकून सरळ उभा राहतो. खोल सीटमधून उठायला जास्त जागा लागते.

अरुंद असूनही कुटुंबाला पुरणारी

रुंदी कमी हवी आणि माणसं तर चार-पाच बसायची, तेव्हा उंच बांध्याची गाडी बघा. जपानमधला ‘केई’ हा छोट्या गाड्यांचा वर्ग याचं उत्तम उदाहरण. तिथल्या नियमाप्रमाणे या गाड्यांची रुंदी १.४८ मीटर आणि लांबी ३.४ मीटरच्या पुढे जाता येत नाही, पण उंची २ मीटरपर्यंत चालते. उंची असल्यामुळे माणसं ताठ बसतात, पाय खाली सोडता येतात, म्हणून थोड्या लांबीत चौघांना ऐसपैस जागा होते.

मागच्या सीटवर तिघे मोठे बसणार असतील तर तिघांना प्रत्यक्ष बसवून पाहा. दोन चाइल्ड सीट बांधून मध्ये माणूस बसवायचा विचार असेल, तर या रुंदीच्या गाड्यांत ते बहुधा जमत नाही, हे आधीच मान्य करून टाका. बाळाची ढकलगाडी डिकीत मावते का ते घरची ढकलगाडी नेऊनच बघा. डिकीचा लिटरमधला आकडा तिच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही.

गॅरेजासमोरची जागा

समोर अरुंद गल्ली असेल तर गाडी सरळ दरवाजात येत नाही, वळून येते, आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४५ मीटर असेल आणि बाहेरचं पुढचं चाक ५ मीटर त्रिज्येत वळत असेल, तर त्याच बाजूचं मागचं चाक ६० सेंटीमीटरहून अधिक आतून जातं. पुढचं तोंड सुटलं तरी मागचं दार चौकटीला घासतं ते यामुळेच. दोन गाड्या रुंदीला सारख्या असतील तर कमी व्हीलबेसची आणि लहान वळणवर्तुळाची घ्या.

लांबीबद्दल थोडंच: गाडीच्या पुढे-मागे मिळून निदान ५० सेंटीमीटर राहावेत, आणि डिकी आतच उघडायची असेल तर मागे साधारण एक मीटर. डिकीचं दार वर जाताना शटरला लागत नाही ना, तेही बघा. विजेवर चालणारी गाडी असेल तर चार्जिंगचं तोंड कुठे आहे ते पाहून घ्या. भिंतीला चिकटलेल्या बाजूला असेल तर रोजची कटकट. पेट्रोल-डिझेलची गाडी बंद गॅरेजात कधीही सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि लहान जागेत तो फार लवकर साठतो.

आतून मिटणारे आरसे घ्या, बाकी नंतर

सोयींवर पैसे घालायचे तर पहिले या एका गोष्टीवर घाला: बटणाने आतून मिटणारे आरसे. हाताने मिटायचे आरसे असले की दरवाजाशी थांबून दोन्ही काचा खाली करणं आलं, आणि लोक चार दिवसांनी ते सोडून देतात. गाडी चालू असताना, संथ वेगात, आरसे मिटलेले राहतात का ते करून बघा. आरसे मिटल्यावर बाजूचं दिसत नाही, म्हणून मागचा कॅमेरा जवळजवळ गरजेचा होतो. सेन्सर मात्र अशा गॅरेजात सतत कोकलतात. त्यांचा आवाज बंद करता येतो का ते विचारा.

बुकिंगच्या आधी घरी रंगीत तालीम

यादीत दोन-तीन गाड्या उरल्या की गॅरेजच्या फरशीवर चिकटपट्टीने प्रत्येकीचा आराखडा काढा. अंगाची रेषा वेगळी, आरशांची वेगळी. चालकाच्या दाराच्या जागी पुठ्ठ्याचं दार धरा, खुर्चीवर बसा आणि उतरून बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, विशेषतः सर्वांत अवघडून उठणाऱ्याने.

नंतर टेस्ट ड्राइव्ह घरापर्यंत न्यायची आहे, असं विक्रेत्याला स्पष्ट सांगा. गाडी आत लावा, उतरा, शटर ओढून घ्या, पुन्हा बसा, बाहेर काढा. उतारावर बंपर किंवा पोट घासतं का ते कुणाला तरी बाहेर उभं करून पाहायला लावा. शक्य असेल तर हेच रात्रीही करा. विक्रेता घरी गाडी पाठवायला तयार नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा. ही मागणी अवाजवी नाही.

बुकिंगच्या कागदावर मॉडेलसोबत व्हेरिएंटचं नाव आणि आरसे विजेवर मिटणारे आहेत, हे लिहून घ्या. स्वस्त व्हेरिएंटमध्ये हीच सोय अनेकदा गळलेली असते, आणि दाखवलेली गाडी सहसा सगळ्यात वरच्या व्हेरिएंटची असते.