ठाण्यातल्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि व्हेंटेड ड्रायर बसवायचाय? आधी हवेचा रस्ता ठरवा

जून लागला की आमच्या घोडबंदर रोडच्या घरात नुसत्या दोऱ्याच दोऱ्या दिसायच्या, पंख्याखाली पोराचा गणवेश, दाराच्या कडीला जीन्स, आईची सुती साडी हॉलमध्ये आडवी, आणि एवढं करून दोन दिवसांनी कपड्यांना तो कुबट वास यायचाच. शेवटी मागच्या उन्हाळ्यात ड्राय बाल्कनीत, म्हणजे किचनला लागून असलेल्या धुण्याभांड्याच्या छोट्या गॅलरीत, खाली फ्रंट लोड मशीन आणि वर व्हेंटेड ड्रायर बसवला. बसवताना जे जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, कारण दुकानात कोणी हे सांगत नाही, ते फक्त मशीनचं माप आणि ईएमआय सांगतात.

पहिली गोष्ट, ड्रायर म्हणजे गरम करायचं मशीन असं आपण समजतो पण खरं काम हवा बाहेर काढायचं आहे. हिशोब बघा, ५ किलो सुके कपडे धुऊन १००० आरपीएमला पिळले तर त्यांच्यात साधारण ३ लिटर पाणी उरतं, १४०० ला पिळले तर अडीच. हे तीन लिटर पाणी वाफ होऊन कुठेतरी जाणारच ना. व्हेंटेड ड्रायर घरातली हवा ओढतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि ती दमट हवा मागच्या ४ इंची पाइपातून बाहेर फेकतो. तो पाइप नीट बाहेर गेला नाही तर तीन लिटर पाणी तुमच्या भिंतींवर बसणार आणि ऑगस्टपर्यंत बुरशी. म्हणून मशीन बुक करायच्या आधी पाइप कुठून काढायचा ते बघा. रस्ताच नसेल तर सरळ हीट पंपवाला ड्रायर घ्या, तो दमट हवा बाहेर न फेकता तिच्यातलं पाणी आतच वेगळं काढतो, महाग आहे पण वीज जवळपास निम्मी लागते आणि पाइप नको.

आता बाहेर काढायचं कसं. जुन्या बिल्डिंगमध्ये विटांची भिंत असेल तर एसीची भोकं पाडणारा कोअर कटिंगवाला साडेचार इंचाचं भोक पाडून देतो, त्याला सांगायचं की भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाड म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी, नाहीतर खालच्याच्या भिंतीला ओल आली की पहिलं बोट तुमच्याकडे. नव्या टॉवरमध्ये मायवान काम (साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या भिंती) असेल तर सगळ्या भिंती आरसीसीच्याच असतात, तिथे भोक पाडायचा विचारच सोडा. आमचं तसंच आहे. आम्ही खिडकीतून काढलं. स्लायडिंगवाल्याला बोलावून वरच्या फिक्स काचेच्या जागी अॅल्युमिनियमची शीट बसवून घेतली, तिला गोल भोक, त्यात कॉलर, बाहेरून झाकणीवाला हुड. नवव्या मजल्यावर बाहेरून काम करायला कोणी लटकायची गरज पडली नाही, हुड आतूनच शीटला स्क्रू करून मग शीट फ्रेममध्ये बसवली. भाड्याच्या घरात तर हाच उपाय, जाताना काच परत लावायची.

हुडला जाळी लावू नका. कबुतरं येतील म्हणून प्रत्येक जण जाळीच सुचवतो, स्लायडिंगवालापण लावूनच आणत होता, पण कपड्यांचा बारीक कापूस असतो तो महिनाभरात जाळीवर नमदा होऊन बसतो आणि हवा अडते. हवा अडली की ड्रायर तापतो आणि तो कापूस पेट घेणारी वस्तू आहे. झाकणीवाला हुड घ्यायचा, ड्रायर चालू झाला की हवेच्या दाबाने झाकणी उघडते, बंद झाला की पडते, कबुतराला आत जायला जागाच नाही. फक्त आठवड्यातून एकदा ती झाकणी मोकळी हलते का ते बघा.

पाइप कुठला घ्यायचा यावर जरा थांबतो कारण इथेच बहुतेक जण फसतात. किचन चिमणीचा तो चुरगळणारा फॉइलचा किंवा प्लास्टिकचा पाइप घेऊ नका, त्याच्या प्रत्येक घडीत कापूस अडकतो. आतून गुळगुळीत कडक अॅल्युमिनियमचा पाइप घ्या, निदान सेमी रिजिड, म्हणजे थोडा वाकणारा, तरी. जोडाला स्क्रू मारायचे नाहीत, स्क्रूचं टोक आत येतं आणि त्यालाच कापूस धरतो, बाहेरून क्लॅम्प लावायचा आणि वर अॅल्युमिनियम टेप, कापडी टेप उष्णतेने सुटते. लांबी जितकी कमी तितकं चांगलं, आणि प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे साधारण पाच फूट सरळ पाइप वाढवल्यासारखं धरा. आमचा पाइप साडेतीन फूट आणि एकच वळण.

आणि उतार. हे मी पहिल्यांदा चुकवलं. पाइप ड्रायरच्या मागून वर जाऊन मग सपाट खिडकीकडे नेला होता, मे महिन्यात काही वाटलं नाही, जुलैत बाहेर धो धो पाऊस, पाइप थंड, आतून गरम वाफ, आणि ड्रायरच्या मागून टपटप पाणी. मला वाटलं हुडमधून पाऊस येतोय म्हणून हुडच्या कडेने सिलिकॉनवर सिलिकॉन मारलं, दोन दिवस गेले, तरी थेंब चालूच. मग पाइप काढून उलटा केला तर अर्धा मग स्वच्छ पाणी निघालं, त्याला साबणाचा वास. ते कपड्यांचंच पाणी होतं! पाइपातच वाफेचं पाणी होऊन परत मशीनकडे येत होतं. नंतर पाइप हुडकडे उतरता केला, दर फुटाला पाव इंच, आणि तेव्हापासून कोरडं.

हवा बाहेर जाते म्हणजे आत यायला पण पाहिजे हे विसरू नका. ड्राय बाल्कनीचं दार खिडकी सगळं गच्च बंद करून ड्रायर लावला तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही, दाराखाली फट ठेवा किंवा हुडपासून लांबची एक खिडकी थोडी उघडी. आणि ही गोष्ट कळकळीने सांगतोय, त्याच जागेत गॅस गिझर असेल तर तिथे व्हेंटेड ड्रायर बसवू नका. ड्रायर हवा ओढतो तेव्हा गिझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतच नाही.

वायरिंग. ड्रायर २२०० वॉटचा धरला तर २३० व्होल्टला साडेनऊ अँपिअर, खालचं मशीन पाणी तापवत असेल तर त्याचे आणखी २००० वॉट, म्हणजे दोन्ही मिळून अठरा अँपिअर. एका सॉकेटला एक्स्टेंशन लावून दोन्ही चालवणं म्हणजे वायर जाळायचं काम. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बॉक्सपासून, दोन वेगळ्या लाइन ओढून घ्या, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, दोन १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला २० चा एमसीबी. डीबीमध्ये ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा, नसेल तर हीच वेळ, कारण ड्राय बाल्कनी नावालाच ड्राय, बाई तिथेच भांडी घासते आणि पाणी उडतंच. सॉकेट मशीनच्या मागे नको, बाजूला छातीच्या उंचीवर, झाकणवाला. अर्थिंग मल्टिमीटरवर दाखवायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो पण बघून घ्या, एसी गिझर ड्रायर सगळं एकदम चालणार असेल तर वाढवून घ्यावा लागेल.

जमिनीचं काम सोपं वाटतं पण ड्राय बाल्कनीला न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीकडे, उतार असतो आणि सत्तर किलोचं मशीन उतारावर स्पिनला नाचतं. चाकांचा स्टँड अजिबात नको, वर ड्रायर ठेवणार असाल तर बिलकूलच नको. गवंड्याकडून विटांचा चार इंची ओटा करून वर ग्रॅनाइट टाकून घेतलं, आठवडाभर सुकू दिलं. मग पाणसळ लावून मशीनचे पाय फिरवायचे आणि खालचे चेक नट घट्ट, हे नट सैल राहिले की लेव्हल परत जाते. मशीनच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते स्वतः मोजा, तीन किंवा चार असतात, न काढता चालवलं तर मशीन घरभर हलतं आणि ड्रमचं सस्पेन्शन जातं. बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवा, घर बदलताना लागतील.

ड्रायर वर ठेवायला त्याच कंपनीची स्टॅकिंग किट, म्हणजे दोन्ही मशीन एकमेकांना घट्ट धरणारी जोडणी, घ्या, रबराची चटई टाकून नुसता ठेवू नका. उंचीचा हिशोब मात्र आधी करा, ८५ आणि ८५ सेंटीमीटर आणि ओटा धरून सहा फूट होतं, ड्रायरची बटणं एकदम वर येतात. माझी आई पाच फुटाची, तिला हात पुरत नव्हता म्हणून एक रुंद पायरीचं लाकडी स्टूल करून घेतलं, आता तीच जास्त वापरते.

पाण्याला वेगळा अँगल कॉक घ्या, गावाला जाताना तो बंद. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्यात गाळ असतो, इनलेटची बारीक जाळी महिन्यातून एकदा काढून ब्रशने धुवायची. ड्रेनची नळी थेट ट्रॅपमध्ये खाली टाकू नका, मशीन पाणी भरतं आणि तेवढंच खालून निघून जातं, नळीचं टोक दोन ते तीन फुटांवर पीव्हीसी पाइपात लटकवायचं, गच्च बसवायचं नाही.

चाचणी करताना ड्रायर वर चढवायच्या आधी खालचं मशीन रिकामं फुल स्पिनला चालवा आणि वर पाण्याचा ग्लास ठेवा, पाणी सांडलं तर लेव्हल परत. मग ड्रायर चढवून दोन ओले टॉवेल घालून वीस मिनिटं, पाइपाच्या प्रत्येक जोडाजवळ टिश्यू पेपर धरा, कागद हलला तर तिथे हवा गळतेय. पाच किलोला दीड ते दोन तास लागतात, साडेतीन ते चार युनिट जातात. वेळ वाढत चालला तर ड्रायर बिघडला असं लगेच समजू नका, आधी पाइप उघडून बघा.

ड्रायरच्या आतली कापूस अडवणारी जाळी दर लोडनंतर साफ, यात सूट नाही. आणि तेलाचे कपडे आत घालायचे नाहीत. दिवाळीला अभ्यंगाचे पंचे, बाळाच्या मालिशचे कपडे, किचनची तेलकट फडकी, धुतली तरी धाग्यात तेल राहतं, ड्रायरच्या उष्णतेत ते आपोआप तापत जातं आणि ढीग करून ठेवलं तर पेटूही शकतं. ते दोरीवरच वाळवा. बाकीच्या कपड्यांचंही शेवटचं गार हवेचं चक्र मध्येच थांबवू नका, ते पूर्ण होऊ द्या आणि कपडे काढले की लगेच पसरून घड्या घाला.