जुन्या शाही गाड्यांची तुलना करताय? घाटात या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या दोन गाड्या साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात चढवल्या. एक इंग्लिश, एक जर्मन, दोन्ही १९५०च्या दशकातल्या. इंग्लिश गाडी तिसऱ्या वळणावर खोकली आणि बंद पडली. लगेच निकाल लागला, "इंग्रजांचा माल नुसता दिसायला!" मीही मान डोलावली. बॉनेट उघडलं, तर कुणीतरी पेट्रोलची नवी नळी टाकताना ती एक्झॉस्टला लागून नेलेली. नळीतच पेट्रोलची वाफ होत होती. पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, चहा झाला, आणि गाडी निमूटपणे कासपर्यंत गेली.

म्हणून गाडीला नावं ठेवण्याआधी तिची आजची तब्येत बघा. १९५५ची रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड आणि बेंटली एस-१ यांचं इंजिन एकच, ४,८८७ सीसीचं. फरक मुख्यतः पुढच्या जाळीचा. तरीही "बेंटली जास्त चपळ" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो फरक बहुतेक वेळा पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) गॅपचा नाहीतर टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा असतो, म्हणजे खरी स्पर्धा दोन मिस्त्रींची.

कागदावरचे आकडे ही दुसरी फसगत. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या नावातला हॉर्सपॉवर बऱ्याचदा कराच्या हिशेबाचा असे. सिलिंडरचा व्यास आणि संख्या एवढंच त्यात धरत, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव नाहीच. तो आकडा अमेरिकन ड्यूझनबर्ग जे-च्या २६५ शेजारी मांडणं म्हणजे शेर आणि लिटर एकाच मापाने मोजणं.

सातारा शहरात जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक नळी) बसवून थेट कासला जाऊ नका. पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे, शहरापेक्षा जवळपास पाचशे मीटर उंच. हवा विरळ, मिश्रणात पेट्रोल जास्त, प्लग काळे. वर गाडी मंद वाटली तर आधी प्लग काढा. दोन्ही गाड्यांचे काळे असतील तर दोष उंचीचा. एकीचेच असतील तर तिचा कार्ब्युरेटर किंवा अर्धवट ओढलेला चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) तपासा. स्पीडोमीटरवर तर विसंबूच नका, टायरचा साइज बदलला की तो खोटं बोलतो. किलोमीटरचे दगड आणि घड्याळ बरं.

तुलना कशी करावी, हे १९११ साली दिसलं. नेपियर या दुसऱ्या इंग्लिश कंपनीशी चाललेल्या चढाओढीत रोल्स-रॉइसने लंडन ते एडिनबरा गाडी टॉप गिअरमध्येच चालवली, गॅलनला २४.३२ मैल काढले, आणि तीच गाडी ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी ७८.२६ मैल पळवली. मायलेजसाठी जेट बारीक करून वेगाच्या बढाया मारायची सोयच नाही.

आपल्याकडे मात्र उतरणीचं कुणी मोजतच नाही. परतताना आमची विजेती जर्मन गाडी न्यूट्रलवर सोडली होती. घाट संपेपर्यंत ब्रेकच्या ड्रममधून जळका वास, आणि पेडल जवळजवळ जमिनीला. इंग्लिश गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश मागून येत होती.