कादंबरीतल्या दोन घरांची तुलना कशी करावी

समकालीन भारतीय आणि अमेरिकन कादंबरीतील कुटुंबाची तुलना करताना पुष्कळ वाचक ‘इकडे एकत्र कुटुंब, तिकडे विभक्त’ असा निष्कर्ष आधीच काढून ठेवतात आणि मग त्याला आधार शोधतात. हा क्रम उलटवावा. प्रथम दोन्ही बाजूंची एकेकच कादंबरी घ्यावी. उदाहरणार्थ, विवेक शानभाग यांची मूळ कन्नड ‘घाचर घोचर’ (२०१३) आणि जोनाथन फ्रँझन यांची ‘द करेक्शन्स’ (२००१).

मग दोन्ही घरांत घडणारी एखादी साधी गोष्ट निवडावी. मी जेवण निवडतो, कारण घरात कोणाची सत्ता चालते हे पानावर बसल्यावर लपत नाही. शानभागांच्या बंगळुरूच्या घरात मसाल्याच्या धंद्यातून सगळ्यांना पोसणाऱ्या चिक्कप्पाची, म्हणजे धाकट्या काकाची, मर्जी प्रत्येक जण सांभाळतो. एक अनोळखी बाई त्याच्यासाठी मसुरीची आमटी घेऊन दारात येते, तेव्हा घरातल्या बायका तिला हाकलून लावतात. निवेदकाची पत्नी अनिता मात्र तिची बाजू घेते, आणि त्याच क्षणापासून तीही या घराला परकी वाटू लागते. फ्रँझनच्या लँबर्ट कुटुंबात लहानग्या चिपला नावडती कलेजी संपेपर्यंत टेबलावरून उठायचे नाही, असा वडिलांचा हुकूम असतो, आणि रात्र चढत जाते तरी तो तिथेच बसून राहतो.

या दोन प्रसंगांवर प्रत्येकी एक परिच्छेद लिहावा आणि त्यात ‘संस्कृती’ हा शब्द वापरू नये. तो टाळला की कोण कमावतो, कोण वाढतो, कोण गप्प राहतो हे लिहावेच लागते. दोन्ही घरांत धाक आहे. पण पहिल्या घरात तो पैशाभोवती सगळ्यांना घट्ट बांधतो, तर दुसऱ्या घरातील मुले मोठी होऊन दूर जातात आणि आई एनिड त्यांना शेवटचा एक नाताळ एकत्र घालवण्यासाठी विनवत राहते. अमेरिकेत नात्यांची ओढ नसते, असे म्हणणाऱ्याने एनिडची ही विनवणी जरूर वाचावी.

कथा कोण सांगतो, हेही नोंदवावे. ‘घाचर घोचर’मधला निनावी निवेदक स्वतः या व्यवस्थेचा लाभार्थी आहे, त्यामुळे त्याने न सांगितलेलेही वाचावे लागते, फ्रँझन मात्र आईवडील आणि तिन्ही मुले अशा पाचही जणांच्या मनात आळीपाळीने शिरतात. हा फरक कथनाचा आहे, देशांचा नव्हे.

शेवटी आपला निष्कर्ष तिसऱ्या पुस्तकावर तपासावा. त्यासाठी जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) घ्यावी: माहीमच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहणारे चौघांचे गोवन कुटुंब, आणि त्याच्या केंद्रस्थानी मानसिक आजाराने ग्रासलेली आई. घर भारतीय आहे आणि विभक्तही. आपली पहिली वाक्ये इथे टिकली नाहीत, तर ती पुन्हा लिहावीत.