जॅझ व्हायोलिनकडे वळताय? आधी हा एक अल्बम अंगी मुरवा

पाश्चात्त्य व्हायोलिनच्या ग्रेडच्या परीक्षा झाल्यात किंवा गुरुजींकडे चार-पाच राग बसलेत, आणि आता जॅझ वाजवायचंय, असं म्हणत मुलं येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं पुस्तक घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. पुस्तक राहू द्या, एक अल्बम धरा आणि दोन-तीन महिने त्याच्याच मागे लागा. अमेरिकन जॅझ व्हायोलिनवादक रेजिना कार्टरचा 'पॅगानिनी: आफ्टर अ ड्रीम', २००३ साली व्हर्व्ह कंपनीने काढलेला. तो तिचा सर्वांत चांगला अल्बम आहे असं माझं म्हणणं नाही. पियानिस्ट केनी बॅरनबरोबरचा तिचा 'फ्रीफॉल' मला जास्त आवडतो. पण या वाटेला लागलेल्या व्हायोलिनवाल्याला पुढे काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते सगळं या एका अल्बमच्या वाट्याला येऊन गेलंय.

त्यामागची हकीकत थोडी सविस्तर सांगतो. इटलीतल्या जेनोआ शहरात तिथल्याच पॅगानिनी या जुन्या नामांकित व्हायोलिनवादकाचं लाडकं व्हायोलिन जपून ठेवलंय. क्रेमोनाच्या ग्वार्नेरी देल जेसूने १७४३ साली बनवलेलं. त्याच्या दणदणीत आवाजामुळे पॅगानिनी त्याला 'कॅनोने' म्हणजे तोफ म्हणायचा. १८४० साली तो गेला तेव्हा ते त्याने मृत्युपत्राने आपल्या गावाला दिलं. तेव्हापासून ते पहाऱ्यात असतं आणि पॅगानिनी स्पर्धेच्या विजेत्यासारख्या मोजक्याच लोकांच्या हाती लागतं. २००१ च्या डिसेंबरात डेट्रॉइटच्या या कृष्णवर्णीय बाईला ते वाजवायला मिळालं. त्यावर वाजवणारी ती पहिली जॅझ कलावंत आणि पहिली आफ्रिकन-अमेरिकन. शास्त्रीयवाल्या जुन्या मंडळींनी कुरकूर केली: पॅगानिनीच्या वाद्यावर जॅझ? हे म्हणजे विटाळच. कार्यक्रम झाला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि पुढे त्याच व्हायोलिनवर अल्बम ध्वनिमुद्रित झाला.

अल्बममध्ये काय आहे ते पाहा. राव्हेलची 'पाव्हान', देब्युसीची 'रेव्हरी', फोरेचं 'अप्रे अँ रेव्ह', पियाझोलाचं 'ऑब्लिव्हियन', 'ब्लॅक ऑर्फियस'मधली धून, 'सिनेमा पॅरादिसो'चं संगीत आणि तिची स्वतःची 'अलेक्झांड्रा'. पियानो, बास, ड्रम्स यांच्या मागे तारवाद्यांचा मोठा ताफा. झालं! शास्त्रीयवाल्यांची नाराजी होतीच, आता जॅझच्या गोटातूनही सूर निघाला की फार गुळगुळीत झालंय, जोखीम घेतलेली नाही, सोलोला मोकळं रान मिळालेलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत.

माझं मत विचाराल तर दुसरी तक्रार निम्मी खरी आहे. दोन-तीन ठिकाणी तारवाद्यांची साय इतकी दाट आहे की खालची रिदम सेक्शन, म्हणजे पियानो, बास, ड्रम्स, ऐकूच येत नाही. पण ज्यांनी 'सोलो कमी' म्हटलं त्यांनी बाईंच्या बो, म्हणजे गजाकडे लक्ष दिलं नाही असंही वाटतं. नवख्याने नेमकं तेच ऐकायचं.

'अप्रे अँ रेव्ह' घ्या. मूळ हे गाणं, एकोणिसाव्या शतकातलं. शास्त्रीय व्हायोलिनिस्ट त्यात प्रत्येक सुरावर पहिल्या क्षणापासून व्हायब्राटो, म्हणजे सुराची थरथर, घालतो. जॅझमध्ये सूर बहुधा आधी सरळ ठेवतात आणि थरथर शेवटी येऊ देतात, ट्रम्पेटवाले करतात तसं. ही ओळ स्वतः दोन्ही तऱ्हांनी वाजवून रेकॉर्ड करा, मग शेजारी अल्बम लावा. दुसरं, बो. स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, वाजवताना आपण सगळे आधी एकेक सूर वेगळ्या बोने, खाली-वर-खाली-वर असं वाजवतो आणि ते कवायतीसारखं वाटतं. त्याऐवजी ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधे, बो सुरू करून पुढच्या बीटवरच्या सुरात जोडून न्यायचा, आणि मधला एखादा सूर जवळजवळ गिळून टाकायचा. हे नोटेशनमध्ये धड लिहिता येत नाही, म्हणून तर पुस्तकाने होत नाही. मोबाइलवर वेग सत्तर टक्क्यांवर आणा, आठ बार (आवर्तनासारखे छोटे भाग) निवडा, आधी तोंडाने गा, गाऊन जमलं की मगच व्हायोलिन उचला. लिहून काढणं सगळ्यात शेवटी. एका बैठकीत आठ बार झाले तरी पुष्कळ.

रेजिना स्वतः कशी शिकली हेही कामाचं आहे. चौथ्या वर्षापासून सुझुकी पद्धतीने व्हायोलिन, म्हणजे कानाने आधी, कागद नंतर. पुढे मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठात सॅक्सोफोनवादक मार्विन हॉलडे यांनी तिला व्हायोलिनवाल्यांच्या नादी न लागता फुंकवाद्यं ऐकायला लावलं, बँडमध्ये सॅक्सोफोनच्या रांगेत बसवलं. कारण साधं आहे: सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्याचं वाक्य संपतं. आपला बो संपतच नाही, त्यामुळे आपण बोलतच सुटतो. फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक झाँ-ल्यूक पाँतीनेही सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकूनच आपला बाज घडवला. त्याचा 'एनिग्मॅटिक ओशन' १९७७ साली बिलबोर्डच्या जॅझ यादीत पहिला आला, तरी कर्मठ जॅझवाले त्याला रॉक म्हणून बाजूलाच ठेवत राहिले.

आता आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी. हिंदुस्थानी बाजाचे असाल तर तुमच्या मींडीचा तिथे हेवा करतील, पण दोन गोष्टी मोडाव्या लागतील. एक, सा-प-सा-प अशी लावलेली वाद्यं परत जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य सुरांवर आणायची. मांडी घालून, पायावर व्हायोलिन टेकवून वाजवायची सवय असेल तर हनुवटीखाली धरून उभं राहण्याची तयारी वेगळी करावी लागते. दोन, सा हलतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलली की तोच गंधार एकदम परका होतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला याचा खरा त्रास होतो, आणि यावर पियानोवर डाव्या हाताने साध्या कॉर्ड धरून गाण्याखेरीज उपाय मला तरी सापडलेला नाही. पाश्चात्त्य ग्रेडवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांची बोटं डी आणि ए मेजर या पट्ट्यांमध्ये रमलेली, आणि जॅझ फुंकवाद्यांच्या सोयीने बी फ्लॅट, ई फ्लॅटमध्ये चालतो. मोकळ्या तारा हाताशी येत नाहीत. रोजचे स्केल (आरोह-अवरोह) आजपासून फ्लॅटवाल्या पट्ट्यांमध्ये करा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

पोटापाण्याचंही बोलू. निव्वळ जॅझ व्हायोलिनवर पुण्या-मुंबईत घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून टाका. चालतं ते स्टुडिओतलं काम, लग्नाचे कार्यक्रम, हॉटेलातले बँड, शिकवण्या. या सगळ्यात उपयोगी पडतं ते समोर आलेला कागद पहिल्याच फटक्यात वाजवता येणं. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवला आणि त्याच जोरावर फिल्मी ऑर्केस्ट्रा उभे केले; प्यारेलालजींचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच व्हायोलिनवादक. आपल्या मुलांना कान असतो, वाचन लंगडं असतं. रोज पंधरा मिनिटं न पाहिलेला कागद वाजवा, चुकला तरी थांबायचं नाही.

पिकअप, म्हणजे व्हायोलिनचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारं यंत्र, घ्याल तेव्हा दुकानातल्या शांततेत वाजवून पाहू नका, ड्रम्सशेजारी उभं राहून पाहा. घोडीवर बसणारे स्वस्त पिकअप वरच्या तारेला डासासारखं गुणगुणायला लावतात. परदेशी कॉलेजांच्या ऑडिशनला बसणार असाल तर तिथे तयार तुकड्याबरोबर इम्प्रोव्हायझेशन (ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं) आणि साइट-रीडिंग (न पाहिलेला कागद वाजवणं) पाहतात. अवघड तुकडा धापा टाकत वाजवण्यापेक्षा साधा ब्लूज सावकाश, वाक्यं पुरी करत वाजवा.

आणि या अल्बमवरची परीक्षणं वाचायचीच असतील तर तुमचे आठ बार बसल्यावर वाचा. वाचताना आधी पाहा की लिहिणारा कोणत्या घरातून बोलतोय. 'गुळगुळीत' म्हणणारा रिदम सेक्शनबद्दल बोलत असेल तर पेन्सिल घेऊन परत ऐका, कुठल्या मिनिटाला ते खरं आहे हे टिपून ठेवा. नुसतंच पॅगानिनीच्या आत्म्याबद्दल बोलत असेल तर पान उलटा आणि सरावाला लागा.